डबडं कुणाला म्हणता?

या शनिवारी जरा भांडायचा मूड आहे. विषय विमानांचा आहे, पण ज्यांना विमानातलं काही कळत नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही. बेरीज, गुणाकार आणि भागाकार येत असला की पुरे.

भांडण एका वाक्याशी आहे. "जुनी विमानं चालवायला महाग पडतात, म्हणून कंपन्या नवी घेतात." हे वाक्य पेपरात असतं, बिझनेस चॅनेलवरचे टाय लावलेले लोक ते सांगतात, आणि सोमवारी कँटीनमध्ये तेच वाक्य ऑम्लेट-पावाबरोबर आपल्याला परत ऐकायला मिळतं. इंडिगोने जून २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली, त्याआधी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० ची दिली, तेव्हा तर हे वाक्य नुसतं धो-धो कोसळत होतं. सोबत ठरलेली दुसरी ओळ : "इंधनात २० टक्के बचत." कुणी एकाने तरी विचारावं की नाही, बाबा रे, २० टक्के कशाच्या? आणि बाकीच्या खर्चाचं काय?

माझं म्हणणं असं आहे, की विमानाचं वय हा खर्चाचा आकडाच नव्हे. खर्च ठरतो तो विमान महिन्याला किती तास हवेत असतं, त्याचं भाडं किती आणि तेलाचा भाव काय, यांवर. नव्या विमानाने वाचवलेलं तेल सगळ्यांना दिसतं. ते विमान हँगरमध्ये उभं असताना चढत जाणारं भाडं मात्र कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. हे न दिसणं किती महागात पडतं ते २०२३ साली मुंबईच्या एका आख्ख्या विमान कंपनीने दाखवून दिलं. तिथे येतोच. आधी हिशेब.

आपल्याकडे ज्या काळात डिझेल आणि पेट्रोलच्या भावात भरपूर फरक होता, त्या काळात गाडी घेणाऱ्या प्रत्येक घरात एक हिशेब व्हायचा. डिझेलची गाडी लाखभर रुपयांनी महाग, पण किलोमीटरमागे स्वस्त. मग काका विचारायचे, "रोजचं रनिंग किती?" रोज पन्नास-साठ किलोमीटर असेल तर डिझेल घे, नुसतं रविवारी सारसबागेत जायचं असेल तर पेट्रोल. हा प्रश्न विचारायला काकांना कुठल्याही बिझनेस स्कूलमध्ये जावं लागलं नव्हतं. विमानाचा हिशेब अगदी हाच आहे. काही खर्च घड्याळावर चालतात : तेल, इंजिनाची झीज. काही कॅलेंडरवर चालतात : भाडं किंवा कर्जाचा हप्ता, विमा. नवं विमान घड्याळाचा खर्च कमी करतं आणि कॅलेंडरचा वाढवतं. जुनं विमान बरोबर उलटं. बस्स, एवढंच आहे.

आता आकडे घालू. पुढचे आकडे मी हिशेबासाठी धरलेले ढोबळ आकडे आहेत, कुठल्या कंपनीच्या ताळेबंदातले नव्हेत. जुनं म्हणजे पंधराएक वर्षांचं एअरबस ए३२०, ज्याला आता 'सीओ' म्हणतात. नवं म्हणजे तेच विमान नव्या इंजिनांचं, ए३२० निओ. जुनं विमान तासाला सुमारे अडीच टन तेल पितं. निओ त्यात १५ टक्के वाचवतं असं धरू. म्हणजे तासाला ३७५ किलो, साधारण ४७० लिटर. विमानाचं तेल ९० रुपये लिटर धरलं तर तासाला ४२ हजार रुपये वाचले. जुन्या विमानाची देखभाल जास्त लागते, तिचे वरचे १० हजार धरा. म्हणजे नव्या विमानाचा तासाचा फायदा ५२ हजार. वा! ऐकायला छानच वाटतं.

आता कॅलेंडर. नव्याचं भाडं महिन्याला ४ लाख डॉलर आणि जुन्याचं २ लाख डॉलर धरू. फरक २ लाख डॉलर, डॉलरला ८५ रुपये धरले तर १ कोटी ७० लाख. याला ५२ हजारांनी भागा. उत्तर येतं महिन्याला सुमारे ३२६ तास. म्हणजे रोजचे जवळजवळ ११ तास.

हे ११ तास लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. विमान रोज १३ तास उडवत असाल तर नवं घ्या, डोळे मिटून घ्या. ८ तास उडवत असाल तर नवं विमान घेणं हा शुद्ध गाढवपणा आहे, त्याला जाहिरातीत 'आधुनिक ताफा' म्हणत असले तरी. आणि हे ११ सुद्धा काही दगडावर कोरलेले नाहीत. तेल ६० रुपयांवर आलं तर आकडा रोजच्या १५ तासांच्या जवळ जातो. छोट्या पल्ल्याचं विमान दिवसाला सरासरी इतकं उडवणं जवळजवळ अशक्य, कारण ते मधेमधे उतरणार, माणसं उतरवणार, भरणार. तेल ११० झालं तर आकडा ९ वर येतो. मजा म्हणजे मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडसाठी विमानाच्या तेलावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्के केला. माझ्या शीटमध्ये तेवढ्यानेच हा आकडा अर्ध्या तासाने सरकतो. (विमानाचं तेल अजून जीएसटीत नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याचा दर वेगळा. म्हणजे एकच जुनं विमान एका राज्यात परवडतं आणि शेजारच्या राज्यात परवडत नाही, असंही होऊ शकतं. असो.)

ज्यांनी हे गणित मनावर घेतलं त्यांच्याकडे बघू. अमेरिकेत लास वेगासची अलेजियंट नावाची कंपनी आहे. तिने वर्षानुवर्षं एमडी-८० ही विमानं चालवली. याचं उत्पादन १९९९ मध्ये बंद झालं. इंजिनं आवाज करणारी, तेल पिणारी. सेकंड हँड विमान साधारण ४० लाख डॉलरना मिळायचं, नवं ७३७ त्याच्या दहापट तरी. अलेजियंटने काय केलं? छोट्या गावांतून फ्लोरिडा आणि वेगासला सुट्टीवर जाणारी माणसं उचलली. ही माणसं गुरुवारी-शुक्रवारी निघतात आणि रविवारी-सोमवारी परततात. मंगळवारी कोण जातंय सुट्टीला? मग मंगळवारी बरीचशी विमानं उभी. दुसऱ्या कंपनीचा मॅनेजर उभं विमान बघून रडला असता, कारण त्याच्या विमानाचा हप्ता मंगळवारीही चालूच असतो. अलेजियंटला काही फरक पडत नव्हता, कारण विमान जवळपास फुकटचं होतं. तेल जास्त जळायचं ते फक्त उडताना, आणि उडायचं ते भरलेलं असतानाच. ही कंपनी अनेक वर्षं सलग नफा कमवत होती, आणि त्याच काळात चकचकीत नव्या विमानांच्या कंपन्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होत्या. आपल्याकडे किंगफिशरने विमानं कोरी करकरीत घेतली होती, वर ए३८० ची ऑर्डरही ठोकून ठेवली होती. पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच.

अलेजियंट लहान कंपनी, तिचं काय घेऊन बसलात, असं म्हणाल. बरं, डेल्टा घ्या. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक. २०१२ मध्ये साउथवेस्टला आपल्याकडची ७१७ नकोशी झाली होती. हे विमान एकूण १५६ च बनलं, उत्पादन २००६ मध्ये बंद. कुणी विचारत नव्हतं. डेल्टाने त्यातली ८८ उचलली. जगभर विखुरलेली एमडी-९० गोळा केली. डीसी-९, म्हणजे ज्या जातीचं पहिलं उड्डाण १९६५ मधलं, ती डेल्टाने जानेवारी २०१४ पर्यंत चालवली. डेल्टा भिकेला लागली होती म्हणून नव्हे. त्यांच्याकडे स्वतःचं दुरुस्तीचं अवाढव्य खातं आहे, जे दुसऱ्यांची विमानंही पैसे घेऊन दुरुस्त करतं. जुनी विमानं विकत घ्यायची, काही उडवायची, काही सुट्या भागांसाठी सोलायची. आमच्या गल्लीतला मेकॅनिक दोन भंगार स्कूटरमधून एक चालणारी काढायचा, तेच तंत्र. फक्त स्केल मोठं.

आणि आपल्या डोक्यावरून रोज रात्री जाणारं उदाहरण म्हणजे ब्लू डार्ट. यांची मालवाहू बोइंग ७५७. हे विमान २००४ नंतर बनलेलंच नाही, म्हणजे त्यातलं सगळ्यात तरुणही वीस वर्षांच्या पुढचं. पार्सलचं विमान मुख्यतः रात्री उडतं. संध्याकाळी गोळा करायचं, पहाटेच्या आत पोचवायचं. दिवसाकाठी जे चारसहा तासच उडणार आहे, त्याच्यासाठी महिन्याला तीन-चार कोटींचा हप्ता कोण भरेल? तुम्ही ऑनलाइन मागवलेला फोन दुसऱ्या दिवशी दारात येतो, त्यामागे कुठेतरी अशाच एखाद्या 'डबड्या'चे उपकार असतात.

आता त्या २० टक्क्यांकडे वळतो. यावर माझा विशेष राग आहे. एअरबसने निओचा गवगवा करताना जो मोठा आकडा सांगितला तो होता 'दर सीटमागे' २० टक्के, २०२० पर्यंत. सुरुवातीचा आकडा १५ टक्के होता. वरचे टक्के कुठून आले? काही इंजिनाच्या पुढच्या सुधारणांमधून, आणि काही सीटमधून! मागचं स्वयंपाकघर आणि टॉयलेट आकसून, खुर्च्या सरकवून त्याच नळीत आणखी सहा माणसं बसवली. १८० ची १८६ झाली. आता विमान तेवढंच तेल पिऊन सहा माणसं जास्त नेतंय, म्हणजे दर सीटमागे तेल कमी झालं की नाही? झालं. माझे गुडघे पुढच्या सीटला लागले, ते यांच्या शीटमध्ये इंधनबचत म्हणून नोंदले गेले. हेच जुन्या विमानात करून बघितलं असतं तर त्याचीही 'बचत' झाली असती. आमच्या धंद्यात बेंचमार्क असा मांडला तर क्लायंट दारातूनच परत पाठवेल.

पण हे किरकोळ आहे. खरा प्रश्न उपलब्धतेचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला अपटाइम म्हणतो तो. सर्व्हर दुप्पट वेगवान आहे पण महिन्यातून आठ दिवस बंद, तर त्याच्या वेगाचं काय लोणचं घालायचंय?

निओसाठी दोन इंजिनांचा पर्याय आहे. त्यातलं एक प्रॅट अँड व्हिटनीचं गिअरवालं इंजिन. कल्पना खरंच सुंदर आहे. पुढचा पंखा हळू फिरला पाहिजे आणि मागचं टर्बाइन जोरात, म्हणून मधे गिअरबॉक्स. सगळे म्हणायचे गिअरबॉक्स दगा देणार. गिअरबॉक्स ठणठणीत निघाला, बाकीचं निघालं नाही! सुरुवातीला इंजिन चालू करायलाच जास्त वेळ लागायचा, कारण आतला दांडा असमान तापून किंचित वाकायचा. मार्च २०१८ मध्ये एका सीलच्या भानगडीवरून डीजीसीएने इंडिगोची ८ आणि गोएअरची ३ निओ एका झटक्यात जमिनीवर आणली. नोव्हेंबर २०१९ मध्ये टर्बाइनच्या पात्यांवरून इंडिगोला ९७ विमानांची इंजिनं बदलायला सांगितली. आणि जुलै २०२३ मध्ये प्रॅटने जाहीर केलं की काही वर्षं ज्या धातूच्या भुकटीपासून चकत्या बनवल्या तिच्यातच दोष होता, इंजिनं उतरवून तपासावी लागतील. शेकडो इंजिनं. तपासणीच्या रांगेत एकेक इंजिन कित्येक महिने. २०२४ च्या सुरुवातीला इंडिगोची सत्तरच्या वर विमानं उभी होती.

आता मघाचे ११ तास काढा. नवं विमान रोज १३ तास उडतंय म्हणून फायद्यात होतं. ते वर्षातले दोन महिने इंजिनाअभावी उभं राहिलं. वर्षाची सरासरी किती? १३ गुणिले १० भागिले १२, म्हणजे १०.८. अकराच्या खाली! दोन महिने, फक्त दोन महिने उभं राहिलं की जगातलं सगळ्यात काटकसरी विमान माझ्या शीटमध्ये त्या पंधरा वर्षांच्या 'डबड्या'पेक्षा महाग पडतं. यात न विकलेली तिकिटं, फुकट बसलेल्या वैमानिकांचे पगार, रद्द झालेल्या उड्डाणांचे परतावे अजून धरलेलेच नाहीत. मला या विषयावरच्या जेवढ्या चर्चा ऐकायला मिळाल्या त्यात हा भागाकार कुणी केलेला ऐकला नाही. २० टक्के, २० टक्के म्हणून टाळ कुटणारे मात्र पुष्कळ.

गोएअर, म्हणजे पुढची गो फर्स्ट. मुंबईची, वाडिया समूहाची, २००५ पासून उडणारी. यांनी निओच्या ७२ आणि ७२ अशा दोन ऑर्डरी दिल्या होत्या, १४४ विमानं. ताफा जवळपास सगळा निओ, सगळा प्रॅटच्या इंजिनांवर. तरुण ताफा! जाहिरातीला शोभेल असा. कंपनीच्याच निवेदनानुसार डिसेंबर २०१९ मध्ये ताफ्यातली ७ टक्के विमानं इंजिनांमुळे उभी होती, डिसेंबर २०२० मध्ये ३१ टक्के, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ५० टक्के. अर्धी! उभ्या विमानांचं भाडं मात्र कॅलेंडरवर चालूच. २ मे २०२३ ला कंपनीने स्वतःहून दिवाळखोरीसाठी अर्ज केला, ३ तारखेपासून उड्डाणं बंद. मे महिना, म्हणजे ऐन सुट्टीत. लोकांची तिकिटं गेली, हजारो लोकांचे पगार अडकले, वैमानिकांपासून सामान चढवणाऱ्यांपर्यंत. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला. प्रॅटचं म्हणणं होतं की गो फर्स्टची पैसे थकवण्याची सवय जुनीच आहे. असेलही. कंपनीची तब्येत आधीपासून नाजूक होती हे खरंच. पण नाजूक तब्येतीच्या माणसाने नव्या इंजिनाचा प्रयोग स्वतःच्या सगळ्याच्या सगळ्या ताफ्यावर करून घ्यावा का? इंडिगो वाचली, कारण तिच्या गाठीला पैसा होता, आणि तिने काय केलं बघा : उभ्या निओंची जागा भरायला जुनी ए३२० सीओ आणली, परदेशी कंपन्यांकडून विमानं भाड्याने घेतली. 'तरुण' ताफ्याच्या कंपनीला अडचणीच्या वेळी म्हाताऱ्यांनीच हात दिला. २०१९ मध्ये तिने पुढच्या २८० विमानांसाठी इंजिनंही दुसऱ्या कंपनीची निवडली होती.

इंजिनिअर मंडळींना बाथटब कर्व्ह आठवत असेल. यंत्र सुरुवातीला बिघडतं, मग वर्षानुवर्षं नीट चालतं, मग म्हातारपणी परत बिघडतं. 'जुनं म्हणजे बिघडणार' म्हणणारे फक्त टबाची उजवी बाजू बघतात. निओचं इंजिन डाव्या बाजूला होतं. जुन्या ए३२० आणि ७३७ वरचं सीएफएम-५६ हे इंजिन १९८२ पासून प्रवासी घेऊन उडतंय, तीस हजारांच्या वर बनली. त्याचं काय दुखतं, कधी दुखतं, हे जगातल्या कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमधल्या माणसाला झोपेत विचारा. या माहितीची किंमत कुठल्याच जाहिरातीत नसते. नवीन मांडणी जितकी धाडसी, तितके पहिल्या गिऱ्हाइकाचे हाल जास्त. ७८७ आठवा. जानेवारी २०१३ मध्ये बॅटरीवरून जगभरची सगळी जमिनीवर आली, त्यात एअर इंडियाची सहा होती. ७३७ मॅक्स तर मार्च २०१९ पासून वीस महिने. तिथे तर प्रश्न पैशांचा नव्हताच, दोन अपघातांत ३४६ माणसं गेली होती.

एअर इंडियाचीच एक गंमत. गंमत कसली, आपल्याच करांचे पैसे होते ते. २००७ नंतर सरकारी एअर इंडियाने ७७७-२००एलआर ही लांब पल्ल्याची आठ विमानं घेतली. तेल फार पितात, परवडत नाहीत असं म्हणत २०१३-१४ मध्ये त्यातली पाच एतिहादला विकून टाकली. तेव्हा ही विमानं पाचसहा वर्षांची होती. म्हणजे वय कमी असूनही 'परवडत नव्हती'. पुढे डेल्टाने २०२० मध्ये, कोविडात, आपली सगळी ७७७ निवृत्त केली. आणि २०२२ मध्ये टाटांच्या एअर इंडियाने काय जाहीर केलं? पाच ७७७-२००एलआर भाड्याने घेतोय, भारतातून अमेरिकेला थेट उडवायला. कुठली? डेल्टाने काढून टाकलेली! त्याच जातीचं विमान मधल्या दहा वर्षांत आणखी म्हातारं झालं आणि परवडायला लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा याच जातीच्या विमानाने सुरू झाली. आमच्यातले निम्मे लोक तेव्हा खूश झाले होते, कारण फ्रँकफर्टला उतरून बाकावर झोपायची कटकट गेली. नव्या विमानासाठी थांबले असते तर किती वर्षं? बोइंगच्या ७७७एक्सची घोषणा २०१३ मधली, पहिलं विमान २०२० मध्ये मिळणार होतं, आता २०२७ म्हणतायत. त्याची वाट बघून बघून लुफ्तान्साने रिटायर केलेली ए३८० परत आणली, चार इंजिनांची. चार इंजिनं परवडत नाहीत हे सांगायला याच लोकांनी आधी पत्रकं काढली होती.

आता उलटी बाजू. ती आहे, आणि जुन्या विमानांचे आंधळे भक्तही मला तितकेच डोक्यात जातात.

तेल महाग झालं की जुन्या ताफ्याची अक्षरशः कत्तल होते. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल १४७ डॉलरला गेलं तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सकडे जवळपास तीनशे एमडी-८० होती, आणि त्यांचा मंगळवार अलेजियंटसारखा रिकामा नव्हता, रोज सकाळ-संध्याकाळ उडायची. जुलै २०११ मध्ये त्यांनी ४६० विमानांची ऑर्डर दिली, नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीत गेले. पगार आणि पेन्शनचा बोजा मोठा होता, पण तेलाने हात धुऊन घेतलेच. अलेजियंटच्या एमडी-८० सुद्धा हवेत असताना बिघडून भलतीकडेच उतरण्याबद्दल बदनाम झाल्या, शेवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये गेल्या. आणि जानेवारी २०२२ मध्ये याच कंपनीने ५० कोऱ्या ७३७ मॅक्सची ऑर्डर दिली. काहींना वाटलं गुरुजींनी धर्म बदलला. मला तसं वाटत नाही. भाव, भाडं, तास यांचं गणित बदललं, उत्तर बदललं. हेच तर मी मघापासून ओरडून सांगतोय!

सुरक्षिततेचं तर तासात आणि रुपयात मोजूच नका. १९८८ मध्ये हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छप्पर हवेत उडालं. वय १९ वर्षं, पण उड्डाणं जवळपास ९० हजार. बेटाबेटांवरच्या छोट्या उड्या, खारी हवा, प्रत्येक उड्डाणाला केबिन फुगणार आणि आकसणार. तेव्हापासून जुन्या विमानांच्या सांगाड्यांच्या तपासणीचे नियम कडक झाले, आणि वय हे वर्षांपेक्षा उड्डाणांत मोजायचं असतं हे सगळ्यांना कळलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लुईव्हिलला यूपीएसच्या ३४ वर्षांच्या एमडी-११ चं डावं इंजिन उड्डाण घेताघेता सुटून पडलं, आणि तपासात ते पंखाला धरून ठेवणाऱ्या भागात थकव्याच्या भेगा सापडल्या. जुनं विमान स्वस्त पडतं म्हणून घेणारा जर तपासणीतही काटकसर करणार असेल, तर त्याने विमान नव्हे, पानाची टपरी चालवावी. माझ्या शीटमधले देखभालीचे वरचे १० हजार हे त्यासाठी आहेत. त्यांना हात लावून मिळवलेला 'फायदा' मी फायदा धरत नाही.

राहिला कार्बन. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो. एक किलो तेल जाळलं की सव्वातीन किलोच्या आसपास, नेमकं ३.१६ किलो, कार्बन डायऑक्साइड. जुन्या विमानाचे तासाला जादा जळणारे ३७५ किलो म्हणजे जवळजवळ १.२ टन. हा खर्च सध्या आपल्याकडे देशातल्या देशात कुणीच भरत नाही, म्हणून जुन्याला फुकटची सवलत मिळते, हे मान्य. मग लावा त्याची किंमत. टनाला ५० डॉलर लावा. तासाला साधारण ५ हजार रुपये होतात, ५२ चे ५७ हजार, आणि आपले ११ तास १० वर येतात. एक तास. ही किंमत तेलावर लावा, वयावर नको. वयावर लावलीत तर रात्री चार तास उडणारं ब्लू डार्टचं ७५७ मरेल आणि दिवसाला चौदा तास धूर काढणारं पाच वर्षांचं विमान 'ग्रीन' म्हणून मिरवेल. तेलावर लावलीत तर ज्याला महाग पडेल तो आपणहून नवं घेईल, आणि अलेजियंटसारखा कुणी मंगळवारी विमान उभं ठेवून तेवढंच तेल वाचवेल.

पुढच्या वेळी कुणी ५०० विमानांची ऑर्डर दिली आणि चॅनेलवर २० टक्क्यांची पाटी फिरायला लागली, तर तीन आकडे मागा : महिन्याचं भाडं, रोजचे तास, आणि गेल्या वर्षी त्या इंजिनाची किती विमानं किती दिवस उभी होती. तिसरा आकडा मिळायला त्रास होईल. कंपन्या तो गुंतवणूकदारांच्या कॉलमध्ये, अर्ध्या वाक्यात, घसा खाकरत सांगतात.